वैशाखातली टेकडी

मराठी माणसाचं जंगल जूनमध्ये सुरू होतं आणि दिवाळीला संपतं. पहिला दमदार पाऊस झाला की लोहगड-विसापूरच्या पायथ्याशी गाड्यांची रांग लागते, सप्टेंबरात तिकीट काढून लोक कासची फुलं बघून येतात, आणि गवत पिवळं पडलं की बूट माळ्यावर जातात ते थेट पुढच्या आषाढापर्यंत. मधल्या महिन्यांतल्या रानासाठी आपले शब्द ठरलेले आहेत: उजाड, भकास, करपलेलं. माझं म्हणणं असं की हे शब्द चुकीचे आहेत आणि ही चूक आपल्याला महागात पडते आहे. पानझडीचं रान उन्हाळ्यात झोपत नाही. पालवणं, फुलणं, फळं धरणं, अंडी घालणं अशी त्याची वर्षातली बरीचशी निकडीची कामं चैत्र-वैशाखातच उरकली जातात. ती बघायला अभयारण्यातली जीप लागत नाही. गावाला लागून असलेली साधी पायवाट आणि मे महिन्यातली एक संध्याकाळ पुरते. ती संध्याकाळ आपण टाळतो, म्हणून उन्हाळ्यातली टेकडी आपल्याला रिकामी जागा वाटते. आणि रिकाम्या जागेचं काय करायचं हे ठरवायला माणसं नेहमीच तयार असतात.

पुण्याची वेताळ टेकडी उदाहरण म्हणून घेऊ. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच, शहराच्या हद्दीतली सर्वांत उंच जागा. एका अंगाला कोथरूड, दुसऱ्या अंगाला पाषाण, मध्ये बेसॉल्टचा खडक आणि त्यावर वीतभर मुरूम. पुण्यात वर्षाला ७०० ते ७५० मिलीमीटर पाऊस पडतो. पश्चिमेला जेमतेम ६५ किलोमीटरवरच्या लोणावळ्यात तो ४००० मिलीमीटरच्या पुढे जातो. सह्याद्रीच्या माथ्यावरचं हिरवेपण या टेकडीकडून मागणं म्हणजे बाजरीच्या शेतात भात का नाही असं विचारणं झालं. १३-१४ मेच्या सुमारास पुण्यात सूर्य भर दुपारी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली काही क्षण नाहीशी होते. शहरातलं ४३.३ अंशांचं विक्रमी तापमान ३० एप्रिल १८९७ या दिवशी नोंदलं गेलं, म्हणजे पुण्याचा उन्हाळा काल-परवाचा नाही. मात्र याच दिवसांत पहाटेचा पारा विशीच्या आसपास उतरतो. दिवसाच्या दोन टोकांत पंधरा-अठरा अंशांचा फरक असला की अंगावर पिसं, केस किंवा खवले असलेल्या प्रत्येकाचं वेळापत्रक आपोआप ठरतं: दुपार काढायची आणि कामं उजाडताना किंवा मावळताना करायची. साडेपाचच्या पुढे घाट ओलांडून पश्चिमेचा वारा येतो, खडक मात्र अजून पायाखाली तापलेला असतो. संध्याकाळी निघण्यात चालणाऱ्याची सोय आहेच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे रानाच्या कामाचीही तीच वेळ आहे.

आधी झाडांचं पाहू, कारण उजाडपणाचा आरोप मुख्यतः त्यांच्यावर आहे. एप्रिलमध्ये पाऊस थांबून सहा महिने होत आलेले असतात. मुरूम भुसभुशीत कोरडा, गवताची काडी झालेली. अशा वेळी झाडाने गप्प राहून पावसाची वाट बघावी, हे आपल्या तर्काला पटतं. झाडं ते ऐकत नाहीत. नेमकी तेव्हाच सह्याद्रीच्या उतारांवर कुसुमाला लालभडक पालवी येते, करंज पोपटी होतो, पिंपळ तांब्यासारखा चमकतो, कडुनिंब मोहरतो, बहाव्याला झुंबरं लागतात. पाणी नसताना नवी पानं कशाला, हा प्रश्न वनस्पतिशास्त्रज्ञांनाही पडला. स्टीफन इलियट, पॅट्रिक बेकर आणि रॉल्फ बोर्शर्ट यांनी २००६ साली आशियातल्या मोसमी जंगलांवर जो शोधनिबंध लिहिला त्याच्या शीर्षकातच याला त्यांनी विरोधाभास म्हटलं. त्यांचं स्पष्टीकरण असं: मार्चमधल्या विषुवदिनानंतर दिवस मोठा होत जातो, ती खूण धरून ही झाडं पावसाच्या महिना-दोन महिने आधीच पालवतात आणि त्यासाठी खोल मुळांनी राखलेलं पाणी खर्च करतात. हिशेब चोख आहे. पाऊस सुरू होतो तेव्हा किडे-अळ्यांचं पेव फुटतं आणि कोवळं पान त्यांचं आवडतं खाद्य. तोवर पान जून झालेलं असेल तर ते वाचतं, शिवाय पावसाळ्याचा पहिला दिवस वाया न घालवता कामाला लागतं. म्हणजे आपण ज्याला पावसाने आणलेली हिरवाई समजतो तिची तयारी उन्हाळ्यानेच करून ठेवलेली असते. गंमत अशी की शास्त्रज्ञांना जे कोडं वाटलं त्याला मराठीत आधीपासून शब्द आहे: चैत्रपालवी. पंचांगातही चैत्र-वैशाख हा वसंतच आहे. दुर्गाबाई भागवतांनी १९५६ साली ‘ऋतुचक्र’ लिहिलं तेव्हा मराठी बारा महिन्यांचा फेरा धरला, एकट्या पावसाळ्याला झुकतं माप दिलं नाही. वसंत हा शब्द आता संगीत महोत्सव आणि व्याख्यानमालांपुरता उरला आणि त्याच्या जागी सगळ्याला मिळून ‘उन्हाळा’ आला, हे आपल्या शहरी जगण्यात झालेलं नुकसान आहे. रानात काही बदललेलं नाही.

पुणेकर टेकडीवर जातात ते बहुतेक सकाळी. उन्हाळ्यात त्यांना वाटेवर पांढरी, कोमेजलेली, नळीसारखी फुलं पडलेली दिसतात आणि त्यावरून बूट पुढे जातात. ही फुलं मेडशिंगीची. झाड बेताच्या उंचीचं, करड्या सालीचं, दिवसा कुणाच्या नजरेत भरू नये असं. नाव आलं शेंगेवरून: चपटी, मेंढ्याच्या शिंगासारखी वळलेली, पुढच्या हंगामापर्यंत फांदीवर खुळखुळणारी शेंग. उन्हं कलली की मेडशिंगीच्या कळ्या उकलायला लागतात. चुरगळलेल्या कडांचं पांढरं फूल, लांब नळी, अंधार पडताना वाढत जाणारा गोड वास. पांढरा रंग अंधारात दिसावा म्हणून, वास लांबून कळावा म्हणून आणि नळी लांब सोंडेच्या निशाचर पतंगांसाठी. उजाडेपर्यंत व्यवहार आटोपतो आणि फूल गळतं. सकाळच्या फिरस्त्याला दिसतो तो उठून गेलेला बाजार.

मेडशिंगी उमलत असते त्याच वेळी, वाटेपासून चार-पाच पावलांवर, पाचोळ्यात रातवा बसलेला असू शकतो. हा पक्षी घरटं बांधत नाही. एप्रिल-मे हा त्याच्या विणीचा भर. दोन अंडी थेट जमिनीवर, काड्या-पानांत. पिसांवर सुकलेल्या पानाचे, सालीचे आणि मुरमाचे सगळे रंग इतके बारीक मिसळलेले असतात की पायाखाली येईपर्यंत तो दिसत नाही, आणि तोही तोवर हलत नाही. दिवस मावळला की आवाज येतो: फरशीवर गोटी सोडावी तसा, टक्, टक्, मग भरभर टकटकटक होत विरणारा. मला हा पक्षी या सगळ्या वादातला सर्वांत बोलका पुरावा वाटतो. जमीन तपकिरी नसती तर त्याची अंडी लपली नसती. हिरव्या गवतात तो उघडा पडेल. ज्या रंगाला आपण अभाव समजतो तो रंग हेच त्याचं छप्पर आहे. माळटिटवीचंही तसंच. तीही उन्हाळ्यात उघड्या माळावर खड्यांत अंडी घालते आणि ऊन फार झालं की पोटाची पिसं पाण्यात भिजवून येऊन अंडी गार करते. मे महिन्यात दक्षिणेकडून नवरंग येतो. पहाटे आणि सांजेला ठरावीक वेळी ओरडतो म्हणून तमिळमध्ये त्याचं नाव ‘सहा वाजताचा पक्षी’ असं आहे. पावशाचं ‘पेर्ते व्हा’ही पेरणीच्या आधीच सुरू झालेलं असतं. ही यादी लांबवता येईल, पण मुद्दा रातव्यानेच पुरेसा सिद्ध केला आहे.

रानावर ज्यांचं पोट आहे त्यांना उन्हाळ्यातलं रान रिकामं वाटत नाही, हाही पुरावाच. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत महादेव कोळी कुटुंबं बाळहिरडा गोळा करतात तो एप्रिल-मेमध्ये. विदर्भात मार्च-एप्रिलच्या पहाटे मोहाची फुलं वेचली जातात, त्यामागून तेंदूपत्त्याची तोडणी येते, चारोळी येते. पश्चिम घाटात करवंदं, तोरणं, आळू. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाले. अशा गावांच्या गौण वनोपजाच्या हिशेबाच्या वह्या पाहिल्या तर उन्हाळ्याची पानं भरलेली सापडतात. रानाचा सुगीचा हंगाम शेताच्या सुगीशी जुळत नाही. आपण शेतकऱ्याच्या आणि पर्यटकाच्या पंचांगाने रानाकडे बघतो, म्हणून त्याची सुगी आपल्याला दुष्काळासारखी दिसते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. टेकड्या अशा मुळातल्या नव्हत्याच, असं तो म्हणतो. कुऱ्हाडीने, चुलीच्या सरपणाने, शेळ्या-मेंढ्यांनी त्या बोडक्या केल्या. तेव्हा त्यांच्या तपकिरी रंगाचं कौतुक करणं म्हणजे जखमेचं कौतुक करणं. यातलं निम्मं खरं आहे. शहरालगतच्या कुठल्याही टेकडीने तोड आणि चराई सोसलेली आहे. पण त्यावरून पूर्वी इथे घनदाट हिरवं जंगल होतं असा निष्कर्ष निघत नाही. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेराव्या शतकापासूनचं मराठी साहित्य आणि लोकगीतं चाळून त्यांत आलेल्या रानटी झाडांचे आणि भूदृश्यांचे उल्लेख तपासले. पश्चिम महाराष्ट्रातली गवताळ, काटेरी झाडांची रानं किमान ७५० वर्षांपासून तशीच आहेत, असं त्यांतून दिसतं. कमी पाऊस, उथळ माती आणि आठ कोरडे महिने यांत जे उगवायला हवं ते तेव्हाही उगवत होतं. सरकारी भाषेत मात्र झुडपी रान आणि माळ ‘पडीक’ या सदरात पडतात. एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक यांनी २०२२ साली अशा खुल्या नैसर्गिक रानांचा नकाशा केला तेव्हा या रानांनी देशाचा सुमारे १० टक्के भूभाग व्यापलेला आढळला. देशाचा दहावा हिस्सा पडीक म्हणून सोडून देण्याआधी तो उन्हाळ्यातल्या एखाद्या संध्याकाळी चालून बघायला हरकत नसावी.

न बघता काय होतं ते पुण्याच्या टेकड्यांवर उभं आहे. वनखात्याने इथे मोठ्या प्रमाणावर गिरिपुष्प लावलं, ज्याला लोक उंदीरमारीही म्हणतात. मूळचं मध्य अमेरिकेतलं झाड. नुसती काठी खोवली तरी फुटतं, मुळांवरचे जीवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात, गुरं सहसा तोंड लावत नाहीत. त्याने माती धरली आणि बोडक्या उतारावर सावली दिली हे नाकारता येणार नाही. त्या काळच्या अधिकाऱ्यांना हाताशी लागलेलं ते सर्वांत स्वस्त औषध होतं. पण त्याच्या दाटीत गवताला ऊन मिळत नाही, आणि गवत गेलं की गवतावर जगणारं सगळं जातं. त्यात भर अशी की कोरड्या टेकडीवर उन्हाळ्यात गिरिपुष्पही पानं टाकतं. हिरवेपणासाठी आणलेला पाहुणा ऐन वेळी घरच्यांसारखाच निष्पर्ण उभा असतो, फक्त त्याच्या अंगाखांद्यावर घरच्यांइतका राबता नसतो. पुढे राज्यभर वृक्षलागवडीची मोहीम आली: २०१६ साली २ कोटी रोपं, मग ४ कोटी, १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी. यातली किती जगली हा वाद वेगळा. माझा प्रश्न त्याआधीचा आहे. जुलैच्या लागवडीसाठी खड्डे घ्यायचे ते मेमध्ये, म्हणजे रातवा आणि टिटवी अंड्यांवर बसलेल्या दिवसांत. खड्डे घेणाऱ्याला तिथे काही दिसत नाही, कारण तिथे काही नसतंच असं त्याला आधीच सांगितलेलं असतं.

पावसाळ्याच्या सौंदर्याबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. धुकं, धबधबे, तेरडा, सोनकी हे सगळं सुंदरच आहे. एवढंच की कुणाच्याही घरी फक्त लग्नाच्या दिवशी जाणाऱ्याने आपण त्या घराला ओळखतो असं म्हणू नये.

संध्याकाळी टेकडीवर जाण्यातली खरी अडचण वाटेवरच्या धोक्यांची आहे. दख्खनच्या खडकाळ टेकड्यांवर फुरसं असतं. उन्हाळ्यात दिवसभर दगडाखाली राहून ते अंधार पडताना बाहेर येतं. पायात घोट्यापर्यंतचे बूट, हातात बॅटरी आणि दगडाखाली हात न घालण्याची सवय एवढ्यावर हा धोका बराचसा आटोक्यात राहतो. माणसांचा धोका त्याहून अवघड, विशेषतः बायकांसाठी. सांजवेळी निर्जन टेकडीवर एकटीने जावं असं मी लिहिणार नाही. तसं सुचवणं सोपं आणि बेजबाबदार आहे. चार-सहा जणांनी मिळून जाणं आणि वनखात्याच्या फाटकांच्या वेळा पाळणं हे त्याचं आजचं उत्तर, आणि गस्त वाढवण्याची मागणी रास्तच आहे. पण त्यावर हमखास सुचवला जाणारा उपाय, वाटेवर दिव्यांचे खांब, त्याला माझा विरोध आहे. एव्हा क्नोप आणि सहकाऱ्यांनी स्वित्झर्लंडमधल्या कुरणांवर केलेला प्रयोग २०१७ साली ‘नेचर’मध्ये आला. अंधाऱ्या कुरणांवर दिवे लावले तेव्हा फुलांवर येणाऱ्या निशाचर कीटकांच्या भेटी ६२ टक्क्यांनी घटल्या. स्वित्झर्लंडची कुरणं आणि पुण्याची टेकडी सारखी नाहीत हे मान्य. तरी ज्या फुलाचा सगळा कारभार सात ते पहाट एवढ्यात आटोपतो त्याच्या शेजारी रात्रभर जळणारा दिवा काय करेल याचा अंदाज बांधायला वेगळ्या प्रयोगाची गरज नाही.

लोकांना बोलावलं की गर्दी होते आणि गर्दीने रान मरतं, हाही आक्षेप ऐकून घ्यावा लागतो, कारण काजव्यांचं उदाहरण ताजं आहे. मेअखेर ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यात भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची इथे हिरडा, बेहडा, जांभूळ, सादडा अशा झाडांवर काजव्यांची चमक लागते. अंधारातला हा विवाहसोहळा बघायला शनिवारी रात्री मोटारींची रांग हेडलाइट लावून येते आणि ज्या उजेडाच्या खुणांवर नर-मादी एकमेकांना शोधतात त्या खुणा पुसून टाकते. याला आळा हवाच, आणि वेळेची बंधनं घालणाऱ्या वनखात्याला दोष देणाऱ्यांच्या बाजूने मी नाही. पण हे दुखणं नेमकं कशाने होतं? उन्हाळ्यातल्या रानात बघण्यासारखी एकच गोष्ट आहे, ती एकाच तालुक्यात आहे आणि दोनच आठवडे आहे, अशी आपली समजूत आहे. दोनशे किलोमीटर गाडी चालवून जाणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरामागची टेकडी एप्रिलपासून दहादा पाहिलेली असती तर तो भंडारदऱ्याला कदाचित गेलाच नसता, आणि गेला असता तर दिवे बंद करून.

उरली आग. फेब्रुवारी ते जून हे वणव्यांचे दिवस. गवत जाळलं की पुढच्या वर्षी चांगलं येतं, ही समजूत महाराष्ट्रभर आहे. विदर्भात मोहाची फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. शहराजवळच्या टेकड्यांवर विडी-सिगारेटचं थोटूक पुरतं. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने वनात आग लावणं गुन्हा ठरवलं, तरी दरवर्षी टेकड्या काळ्या होतात. गवताळ रान आगीला सरावलेलं असतं, असं इथे कुणी म्हणेल, आणि ते बरोबर आहे: गवताची मुळं वाचतात, पावसाबरोबर पुन्हा फुटतात. पण सराव कशाचा आहे ते पाहावं लागेल. अधूनमधून लागलेली आग वेगळी आणि दरवर्षी एप्रिल-मेमध्ये, जमिनीवर अंडी असताना, पालवी फुटलेली असताना लावलेली आग वेगळी. पेटवणाऱ्यांत सगळेच दुष्ट नसतात. वाळकं म्हणजे मेलेलं, आणि मेलेलं जाळायला हरकत नाही, हा साधा हिशेब त्यामागे असतो. तो हिशेब चुकतो तिथेच शहरातल्या सुशिक्षितांचाही चुकतो. त्यांच्या हातात काडी नसते, विकास आराखडा असतो.

२०२३ च्या एप्रिलमध्ये हजारो पुणेकर वेताळ टेकडीसाठी रस्त्यावर उतरले. बालभारती ते पौड फाटा रस्ता आणि टेकडीखालून बोगदे, असा प्रस्ताव होता. त्या दिवसांत टेकडी तिच्या सर्वांत कोरड्या रूपात होती आणि तरी लोक आले, याचं मला विशेष वाटतं. पण त्या वादात दोन्ही बाजूंनी जी भाषा वापरली गेली ती बरीचशी हिरवीच होती: शहराची फुप्फुसं, ऑक्सिजन, झाडांची संख्या. झाडं मोजून टेकडी वाचवायची म्हटली तर समोरचा तेवढी झाडं दुसरीकडे लावून देतो म्हणतो, आणि कागदावर हिशेब जुळतो. रातव्याच्या दोन अंड्यांखालचा मुरूम दुसरीकडे लावून देता येत नाही. टेकडीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी यापुढे आपली साक्ष वैशाखातून आणावी, असं मला वाटतं. पक्ष्यांच्या, फुलांच्या, पालवीच्या तारीखवार नोंदी एप्रिल-मेमधल्या संध्याकाळी घेतलेल्या असाव्यात. सकाळी फिरणाऱ्यांची पुण्यात वानवा नाही. त्यांतल्या काहींनी दोन महिने वेळ बदलली तरी अशी वही तयार होईल.

दिवाळीच्या सुमारास टेकड्यांवरचं गवत पिवळं पडायला लागतं आणि कुसळी मोज्यांत घुसते. ती उपटून फेकताना तिचं पीळ दिलेलं शेपूट बघा. ओल लागली की हा पीळ सुटतो, फिरतो आणि बियाणं गिरमिटासारखं जमिनीत उतरवतो. जमिनीवर पडलेली कुसळं त्यासाठी जूनपर्यंत थांबतात. मधल्या काळात, मेच्या मध्याला, पुण्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो आणि त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटं वाट दिसण्यापुरता उजेड असतो. सहाला चढायला लागा. बॅटरी खिशात असू द्या, पण उतरायची वेळ होईपर्यंत लावू नका.